कनेरगाव नाका आणि माझी छपाईची शाळा

हिंगोलीहून वाशिमकडे जाणाऱ्या एस.टी.त तुम्ही कधी बसला असाल, तर कनेरगाव नाका तुमच्या खिडकीसमोरून गेलेला आहे. पण खाली उतरून पाहिला असेल, असं काही मला वाटत नाही. गाडी थांबते, दोन-चार माणसं चढतात-उतरतात, कुणीतरी खिडकीतून भाजलेल्या शेंगांची पुडी घेतं, कंडक्टर दोरी ओढतो आणि पैनगंगेचा पूल ओलांडून गाडी वऱ्हाडात शिरते. एवढीच काय ती या गावाची आणि प्रवाशांची ओळख!

मी मात्र आठवड्यातून चार दिवस इथे उतरते. इकडच्या एका शाळेत मी तासिका तत्त्वावर मराठी शिकवते. तासिका तत्त्व म्हणजे काय हे ज्यांच्या घरात शिक्षक आहेत त्यांना सांगायला नको. आणि ज्यांच्या घरात नाहीत त्यांनी एवढंच समजावं की जितके तास फळ्यापुढे उभं राहिलं तितक्यांचेच पैसे, आणि मे-जूनमध्ये तेही नाहीत. जायला-यायला एस.टी. मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट झालं, तेव्हापासून हे रोजचं जाणं-येणं हिशेबात बसू लागलं, नाहीतर निम्मी कमाई रस्त्यातच सांडत होती.

गावाच्या नावातला हा ‘नाका’ मोठा मजेदार आहे बरं का! पैनगंगेच्या अलीकडे निजामाचं राज्य आणि पलीकडे इंग्रजांच्या ताब्यातलं वऱ्हाड, अशी ही सरहद्द. निजामाच्या राज्यात जकातीच्या खात्याला करोडगिरी म्हणत आणि सरहद्दीवरच्या गावांत करोडगिरीचे नाके असत. मालाच्या गाड्या थांबवायच्या, पोती उघडून बघायची, जकात भरली की सोडायची. पैसाही वेगळा. इकडे निजामाचा हाली रुपया, तिकडे इंग्रजांचा कलदार. सहा कलदारांना सात हाली असा भाव. नदीपलीकडच्या बाजाराला निघालेल्या बाईला भाजीचा हिशेब करायच्या आधी रुपयाचाच हिशेब करावा लागत असणार! सप्टेंबर १९४८ मध्ये निजामाचं राज्य संपलं, आणि १ नोव्हेंबर १९५६ ला दोन्ही काठ एकाच राज्यात आले. जकात गेली, हाली गेला, नाका तेवढा नावात राहिला.

आणि बोलण्यातही राहिला. इकडची बाई विचारते, “काय करायलीस गं?” आणि पुलापलीकडची विचारते, “काय करून राहिली वो?” नाक्यावरच्या चहाच्या हॉटेलात दोन्ही बोली एकाच बाकावर बसलेल्या असतात. मराठीची बाई म्हणून मी शाळेत ‘काय करते आहेस’ असं लिहायला शिकवते खरी, पण कान मात्र या दोन्हींवरच खूश असतात.

माझी शाळा दुपारी सुटते आणि परतीच्या गाडीला पुष्कळ अवकाश असतो. स्टँडवर बाईमाणसाने एकटं किती वेळ बसायचं? जवळच लग्नपत्रिका छापायचं एक दुकान आहे. पुढे काचेत पत्रिकांचे नमुने टांगलेले, मागे छपाईचं टेबल, त्याच्याही मागे दुकानमालकांचं राहतं घर. काकू फार बोलक्या. एकदा पाणी मागितलं, त्यांनी पाण्याबरोबर स्टूलही दिलं, आणि तिथे बसून बसून मी त्यांचं काम बघू लागले. छत्तीस वर्षांची, बी.ए. झालेली, दोन मुलांची आई मी. पत्रिका कशी छापतात हे मला ठाऊक नव्हतं. तुम्हाला तरी आहे का? आपल्या लग्नाची पत्रिका आपण जपून ठेवतो, पण ती कुणी आणि कशी छापली हे आपल्या ध्यानीमनीही नसतं.

एके दिवशी मी काकांना विचारलंच, “मला शिकवाल का?” काका जरा गप्प झाले. त्यांच्याकडे आजवर शिकायला आली ती दहावी नापास झालेली मुलं. शाळेतली बाई शिकायला येणार म्हणजे तिला ‘अगं’ म्हणायचं की ‘अहो’, इथपासून त्यांची अडचण! शेवटी ‘बाई’ आणि ‘अहो’ ठरलं. घरी सासूबाई म्हणाल्या, “आता या वयात रंगात हात घालून काय करायलीस?” आमचे हे ‘बघ बुवा’ म्हणाले. ‘बघ बुवा’ म्हणजे परवानगी, हे पंधरा वर्षांच्या संसारात मला समजलेलं आहे.

तर स्क्रीन प्रिंटिंग म्हणजे काय, ते आधी तुमच्या-माझ्या भाषेत सांगते. उंबऱ्यापुढे रांगोळी काढायला आपण जो भोकाभोकांचा पत्र्याचा छाप वापरतो ना, तेच. छाप ठेवायचा, वरून रांगोळी फिरवायची, भोक असेल तिथे पडते, नसेल तिथे नाही. इथे पत्र्याऐवजी ताणून बसवलेली जाळी आणि रांगोळीऐवजी दाट रंग. ही जाळी पूर्वी रेशमाची असे, म्हणून तिला सिल्क स्क्रीन म्हणायचे. आणि गंमत अशी की हे रेशमी कापड मूळचं छपाईचं नव्हेच. ते पिठाच्या गिरण्यांमध्ये पीठ चाळायला वापरत. म्हणजे आपण ज्याला वस्त्रगाळ म्हणतो त्यातलंच हे वस्त्र! दुकानात अजूनही त्याला ‘बोल्टिंग’ म्हणतात, ते त्या चाळण्यावरूनच आलेलं आहे. आता ते नायलॉनचं किंवा पॉलिएस्टरचं मिळतं. कापडावर छापायचं तर जाळी मोकळी हवी, सेंटीमीटरला चाळीस ते साठ धाग्यांची. पत्रिकेवरच्या बारीक अक्षरांना दाट, नव्वद ते एकशेवीस धाग्यांची. रव्याची चाळण वेगळी आणि मैद्याची वेगळी, हे जिला कळतं तिला हे दुसऱ्यांदा सांगावं लागत नाही.

लाकडी चौकटीवर जाळी ताणून ठोकायची. ताण असा की बोटाने टिचकी मारली तर डफासारखी वाजली पाहिजे. मग साबणाने धुऊन तिचा तेलकटपणा घालवायचा आणि अंधाऱ्या खोलीत तिच्यावर इमल्शनचा पातळ थर द्यायचा. हे इमल्शन उजेड लागला की घट्ट होतं, नाहीतर पाण्यात विरघळतं. सगळी जादू एवढ्यात आहे. नक्षी किंवा मजकूर काळ्याभोर शाईत पारदर्शक कागदावर काढून तो जाळीला चिकटवून ठेवायचा आणि उजेड दाखवायचा. जिथे काळं आहे तिथे उजेड पोचत नाही, तिथलं इमल्शन कच्चं राहतं. नंतर नळाखाली धरलं की कच्चं तेवढं वाहून जातं आणि जाळीत तुमचं अक्षर उघडं होतं. धुण्याच्या दगडापाशी, पाण्याच्या धारेखाली, हिरव्या थरातून ‘शुभविवाह’ ही अक्षरं हळूहळू उमटताना मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला शब्दच सुचेना. काकू म्हणाल्या, “अजून ओलं आहे, हात लावू नका.” त्यांना त्याचं काही नवल राहिलेलं नाही.

काकांकडे ट्यूबलाइट बसवलेली काचेची पेटी आहे, पण वीज गेली की काकू चौकट उचलून सरळ अंगणात नेतात. उन्हाचा त्यांचा अंदाज घड्याळापेक्षा पक्का. लख्ख ऊन असेल तर काही मिनिटं पुरतात; आभाळ आलं की हिशेब बदलतो. जास्त वेळ ठेवलं तर बारीक वेलांट्याही घट्ट होऊन बसतात आणि धुताना निघत नाहीत; कमी ठेवलं तर सगळा थरच वाहून जातो. पापड वाळवताना आपण जसं एक डोळा उन्हावर ठेवतो, तसंच. आणखी एक युक्ती ऐका: पारदर्शक कागद महाग वाटत असेल तर साध्या कागदावर छापून घ्या आणि मागून खोबरेल तेल चोळा. कागद तुपातल्या पोळीसारखा आरपार दिसू लागतो. जास्तीचं तेल मात्र पुसून घ्यायचं, नाहीतर ते जाळीला लागतं.

रबरी पट्टीने रंग ओढायचा, तिला स्क्वीजी म्हणतात. काका तिला ‘रबर’ म्हणतात. ती थोडी कलती धरायची, दोन्ही हातांचा दाब सारखा आणि ओढ एका दमात. काका समोर उभे राहून म्हणायचे, “बाई, पोळी लाटता ना? मग कडेला जाड नि मधे पातळ कसं चालेल?” महिनाभर माझे खांदे रात्री ठणकत. पण एक सांगते, शिकवणाऱ्या बाईने मधूनमधून कुणाचं तरी विद्यार्थी व्हावं. माझ्या वर्गातली एक मुलगी ‘ष’ काढताना जीभ बाहेर काढते; रबर ओढताना माझीही तशीच निघते, हे मला काकूंनी दाखवलं. तेव्हापासून मी त्या मुलीला रागावत नाही.

एक सावधगिरी मात्र घराघरांत हे करू पाहणाऱ्या मैत्रिणींनी घ्यायलाच हवी. जुन्या पद्धतीच्या इमल्शनमध्ये पिवळसर नारिंगी रंगाचं बायक्रोमेट मिसळतात. ते विषारी आहे, अंगाला लागलं तर कातडी खराब करतं आणि कर्करोगाशीही त्याचा संबंध आहे. काकांच्या बोटांच्या पेरांवरचे जुने व्रण त्याचेच. आता बायक्रोमेटशिवायची तयार इमल्शनं मिळतात, तीच घ्यावीत. हातमोजे घालावेत, स्वयंपाकघरात हे काम करू नये आणि त्यासाठी घेतलेलं भांडं पुन्हा स्वयंपाकाला वापरू नये. कापडावरचा पाण्याचा रंग ओला असतानाच धुवावा. कागदाचा तेलकट रंग रॉकेलने निघतो, पण नंतर हात साबणाने धुऊन थोडं तेल लावलंत तर भेगा पडत नाहीत.

ही विद्या फार जुनी. जपानी कारागीर कापडावर नक्षी उठवायला कागदाचे कोरलेले छाप वापरत आणि छापातले सुटे तुकडे जागेवर राहावेत म्हणून केसांचे आणि रेशमाचे धागे जोडत. १९०७ मध्ये मँचेस्टरच्या सॅम्युअल सायमनने ताणलेल्या रेशमावरच्या छपाईचं पेटंट घेतलं. १९६२ मध्ये अमेरिकेतल्या अँडी वॉरहॉलने याच रीतीने मेरिलिन मन्रोचे चेहरे छापले, ती चित्रं आता संग्रहालयांत आहेत. आमच्या काकांनी याच रीतीने पंचक्रोशीतल्या किती लग्नांचे गणपती छापले असतील! ते संग्रहालयात नाहीत, पण बायकांच्या पेट्यांमध्ये साड्यांच्या घडीत नक्की आहेत.

पण मला खरं अप्रूप वाटलं ते आणखी एका गोष्टीचं. आमच्या हिंगोली जिल्ह्यातलं नर्सी हे संत नामदेवांचं जन्मगाव मानलं जातं. नामदेव शिंपी समाजातले, हे आपण जाणतो. पण ते उत्तरेत गेले, पंजाबातल्या घुमानला राहिले, त्यांची एकसष्ट पदं गुरू ग्रंथसाहिबात आहेत. आणि तिकडे पंजाब-राजस्थानात कापडावर ठसे उठवणारे जे छिंबा किंवा छिपा लोक, ते नामदेवांना आपले मानतात. कितीतरी जण नावापुढे नामदेव लावतात. म्हणजे राजस्थानातल्या छापील चादरीचा धागा असा फिरून आमच्या जिल्ह्यात येतो. काकांना सांगितलं, तर म्हणाले, “मग आपली गादी जुनीच म्हणायची!” आणि रंगाच्या डब्याला हात लावून नमस्कार केला.

आता खरी गोष्ट. दुकानाच्या पाटीवर काकांचं नाव आणि पुढे ‘अँड सन्स’ असं आहे. सन्स म्हणजे एकच, आणि तो पुण्यात कंपनीत आहे. फ्लेक्स आले तेव्हा कापडी फलकांचं काम गेलं, मोबाइलवर आमंत्रणं सुरू झाली तेव्हा पत्रिका कमी झाल्या. काकांचं म्हणणं, “माझ्यामागे हे बंद.” पण मी सहा महिने तिथे बसून बघत होते ना! चौकट ताणतात काकू. इमल्शन लावतात काकू. उजेड किती द्यायचा हे ठरवतात काकू, धुणं-वाळवणं काकूंचं. काका रबर ओढतात आणि पैसे घेतात. तीस वर्षं हे चाललंय आणि कुणी विचारलं तर काकू सांगतात, “मी घरीच असते.” मैत्रिणींनो, हे वाक्य आपण किती जणी म्हणतो!

डिसेंबरात पुलापलीकडच्या एका बचत गटाच्या बायका आल्या. २०१८ मध्ये महाराष्ट्रात प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली, तेव्हापासून त्या कापडी पिशव्या शिवतात. त्यांना संक्रांतीच्या वाणासाठी तीनशे पिशव्या छापून हव्या होत्या, हळदी-कुंकवाचं करंडं आणि खाली दोन ओळी. छपाईचे नगाला सात रुपये ठरले, पाचशे रुपये आगाऊ दिले. आणि त्याच आठवड्यात काकांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. डॉक्टरांनी सांगितलं, वाकायचं नाही, जोर लावायचा नाही. काका म्हणाले, “त्यांचे पाचशे वापस करून टाका.”

काकू वाशिमकडच्या माहेरच्या. रागावल्या की त्यांची बोली पूल ओलांडते. “कायले वापस करता? आम्ही आहो ना!”

‘आम्ही’ म्हणजे त्या आणि मी. मला कुणी विचारलंच नव्हतं! मी तोवर कागदावर हात बसवला होता, कापडावर फक्त सराव. तीनशे पिशव्या म्हणजे गटाच्या बायकांचं कापड, त्यांची शिलाई, त्यांचं वाण. बिघडली तर भरून द्यायची ती आम्ही. मी रात्रभर विचार केला. सकाळी सासूबाईंना सांगितलं की पंधरा दिवस मला उशीर होईल. त्या काही बोलल्या नाहीत. फक्त डब्यात एकाऐवजी दोघींची भाजी-भाकरी बांधून दिली. हे मला आधी कळलंच नाही, काकूंपुढे डबा उघडला तेव्हा कळलं.

करंड्याचं चित्र मी काढलं. मधली रांगोळीची वेल काकूंची, त्यांच्या आईच्या अंगणातली. रंगासाठी मला हळदीचा पिवळा हवा होता. आमचा जिल्हाच हळदीचा, वसमतच्या हळदीला तर २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. पण काकूंनी लगेच मोडता घातला. पिवळा मांडरपाटावर दिसत नाही, लाल घ्या म्हणाल्या. (खऱ्या हळदीने छापावं असं कुणाच्या मनात आलंच तर सांगते, हळदीचा रंग उन्हात उडतो आणि साबण लागला की लालसर होतो. हळद सारणाची, छपाईची नव्हे.)

रोज दुपारी वीस-पंचवीस पिशव्या. आधी पाटावर घट्ट पसरायची, आत पुठ्ठा सरकवायचा म्हणजे रंग मागे उतरत नाही, मग चौकट. एक जण दाबून धरणार, दुसरी ओढणार. उचलताना एका बाजूने, सावकाश. थंडीमुळे वाळायला वेळ लागे. अंगणात दोऱ्या बांधून आम्ही त्या कपड्यांसारख्या टांगत होतो. दुसऱ्या दिवशी उलट्या बाजूने कडक इस्त्री, म्हणजे धुतल्यावर रंग जात नाही. काका डोळ्याला काळा चष्मा लावून खाटेवर बसलेले. दिसत नव्हतं, पण कानाने शिकवत होते. रबर ओढल्याच्या आवाजावरून म्हणायचे, “रंग सुकायला लागला. थोडं पाणी शिंपडा.” आणि खरंच तसं असायचं!

११ जानेवारीला शेवटच्या पिशव्या इस्त्री झाल्या. गटाच्या बायका आल्या, त्यांच्यातल्या मोठ्या बाईंनी एक पिशवी पाण्यात बुडवून, चोळून, पिळून बघितली. आम्ही दोघी श्वास धरून उभ्या. रंग हलला नाही. त्यांनी राहिलेले सोळाशे रुपये सवयीने काकांपुढे धरले. काकांनी क्षणभर काही केलं नाही, मग म्हणाले, “त्यांना द्या.”

रंग, कापड, इमल्शन यांचा खर्च आगाऊ रकमेतून निघाला होता. काकूंनी नोटा तीनदा मोजल्या आणि बरोब्बर आठशे माझ्या हातात ठेवले. काका खाटेवरून म्हणाले, “अन् दुकानाचा वाटा?” काकू म्हणाल्या, “तीस वर्षं दिलाच की.” आणि चहा टाकायला आत गेल्या. काका हसले. मीही हसले, पण जरा वेळाने.

माझ्या आठशेतून मी माझी स्वतःची एक चौकट आणि एक रबर घेतलं. दोन्ही काकूंच्याच घरी ठेवलं आहे, कारण हिंगोलीच्या घरात उन्हाचं अंगण नाही. काकांचा डोळा आता बरा आहे. पत्रिका ते छापतात, पिशव्या आम्ही. परवा एका गावचे लोक सप्ताहाच्या पताका विचारायला आले. विठ्ठल काळा, वीणा केशरी, असं त्यांना हवं होतं. काकांनी तोंड उघडायच्या आधीच काकू दारातून म्हणाल्या, “दोन रंग म्हणजे दोन पडदे. पैसे वेगळे पडतील.”